खालच्या टोकाचा बुडखा

फाटकाला साखळी बघून सैमीला आधी वाटलं, म्हातारा याल्मारी आजारी पडला. बोटींच्या त्या आवाराला कुलूप असं कधी लागलंच नव्हतं. फाटक होतं ते शेजारच्या गाई आत शिरून भुशात लोळू नयेत म्हणून. माणसांनी कडी काढायची, आत जायचं, आपल्या बोटीखाली उताणं पडून काम करायचं आणि निघताना म्हाताऱ्याच्या शेगडीवरची करपट कॉफी पिऊन जायचं, ही इथली रीत. आज कडीच्या जागी चकचकीत साखळी होती आणि वर पाटी होती: 'नदीचा वारसा. प्रवेश दहानंतर.'

"हे काय गं आई?" इर्मा म्हणाली. तिच्या खांद्यावर कापसाच्या दोराचं भेंडोळं होतं, हातात लाकडी हातोडा. सैमीच्या हातात शेंदरी रंगाचा डबा. दोघी मायलेकी बोटीच्या फळ्यांमधल्या फटींत कापूस ठासायला आल्या होत्या.

सैमीनं कुंपणाच्या फटीला डोळा लावला. पाऊस बारीक पडत होता, नदीवरनं धुकं येत होतं. समोर रुळांवरच्या पाळण्यात एक बोट उभी होती. पांढरी शुभ्र, काठाला लालभडक पट्टा, अंगावर जुनं जाळं पडद्यासारखं सोडलेलं. कुणाची बरं ही, असं तिच्या मनात आलं. मग बोटीच्या नाकाडाची ठेवण दिसली.

ती तिची लेम्पी होती.

तिच्या नवऱ्यानं, तौनोनं, बोटीला आपल्या आईचं नाव दिलं होतं. खऱ्या सासूबाई सैमीच्या वाट्याला जेमतेम तीन वर्षं आल्या, पण ह्या लाकडी सासूबाईंचा तळ तिनं आयुष्यभर खरवडला. घरात बोटीचा उल्लेखच 'सासूबाई' असा व्हायचा. "सासूबाईंना आज रंग लावायचाय." "सासूबाई गळतायत." तौनो हसून लोटपोट व्हायचा. गेल्या सप्टेंबरात त्याचं जाळं नदीच्या तळाला, खालच्या टोकाच्या बुडख्यात अडकलं, ओहोटीच्या ओढीनं बोट त्याच बुडख्यावर आपटली, तीन फळ्या फुटल्या आणि तौनो गुडघाभर उंचीच्या बुटांसकट पाण्यात गेला. त्याचा देह वाळूच्या बेटाला लागलेला सापडला. जाळं वर आलंच नाही. बोट लोकांनी ओढून ह्या आवारात आणली, याल्मारीनं हिवाळाभर नव्या फळ्या बसवल्या. इंजिन काढून घरच्या पडवीत ताडपत्रीखाली ठेवलं होतं. आता फक्त कापूस, रंग आणि पाणी एवढंच राहिलं होतं.

आणि शनिवार चार दिवसांवर होता.

शनिवार म्हणजे बुडख्यांची सकाळ. ह्या नदीत जाळं वाटेल तिथं सोडता येत नाही. डोंगरातली झाडं पुरात मुळासकट वाहून येतात आणि तळाला रुतून बसतात. जाळं त्यात गेलं की गेलं. म्हणून वर्षातून एकदा बारा घरं मिळून आपल्या वाटेवरचे, म्हणजे जाळी सोडायच्या ठरलेल्या पट्ट्यातले, बुडखे काढतात, आणि जो काढायला येतो त्यालाच त्या वाटेवर सॅमन मासा धरता येतो. नियम कुठं लिहिलेला नाही, म्हणूनच तो कुणी मोडत नाही. ओहोटी लागायच्या आत घरची बोट पाण्यात हवी, बोटीत घरचे दोन जण हवेत. बोट उसनी चालत नाही. घरात कुणी मेलंय म्हणूनही चालत नाही. बोट आली नाही तर जागा रिकामी झाली, आणि रिकाम्या जागेवर पहिला हक्क रक्ताच्या माणसाचा. ते रक्ताचं माणूस म्हणजे तौनोचा धाकटा भाऊ ओन्नी. त्यानं आपली जागा केव्हाच दुसऱ्याला देऊन ट्रक घेतला होता. ट्रक गंजून संपला, आणि आता तो भावाच्या जागेकडे बघत बसला होता.

दहा वाजता साखळी निघाली. तिकिटाच्या खिडकीत सुलोची नात बसली होती. सुलो म्हणजे वाटेचा म्होरक्या. पोरीनं सैमीला बघितलं आणि कानापर्यंत लाल झाली.

"मावशी, तिकीट लागतं आता."

"माझीच बोट बघायला?"

"मला तसं सांगितलंय हो." पोरीनं खाली बघत कागदाचा एक गोल बिल्ला पुढं केला. "हा छातीवर लावायचा."

सैमीनं तिकीट घेतलं आणि बिल्ला लावला. त्यावर हसरा मासा होता.

आत मिसेस प्रेस्कॉट नावाची बाई भेटली. उंच, गोड बोलणारी, पिवळा रेनकोट. म्हाताऱ्याच्या पोरानं, रॉयनं, शहरात बसून आवार विकलं होतं. आवारात जे उभं असेल त्यासकट. लेम्पी उभी होती, म्हणून लेम्पीही गेली. हिवाळ्यात बोट आवारात ठेवली तर ती कुणाची हे सांगायला इथं कुणाला तोंड उघडावं लागत नव्हतं, आणि त्याचाच फायदा ह्या लोकांनी उठवला.

"तुमच्या यजमानांचं ऐकलं. फार वाईट झालं," मिसेस प्रेस्कॉट म्हणाली. "आम्ही पितळी पाटी लावणार आहोत. त्यांचं नाव कायम राहील."

"पाटी नको. बोट द्या. शनिवारी पाण्यात हवी."

"ती आता पाण्यात जाण्यासारखी राहिलेली नाही हो. ती जपायला हवी."

"बाई, तीन फळ्या नव्या आहेत तिच्या. माझ्या डोळ्यांसमोर वाफवून वाकवल्यात."

"तेच तर," मिसेस प्रेस्कॉट समजुतीनं हसली. "शेवटची दुरुस्ती. लोकांना तेच बघायचं असतं. आणि एक विचारायचं होतं. घरी जुनी बुचं असतील ना, जाळं तरंगत ठेवायची? खुणा डागलेली? प्रदर्शनात फार शोभतील."

इर्मा बोटीखाली वाकली होती, तिनं हाक मारली. "आई, हे बघ."

तळाला, नव्या फळीच्या कडेला, अंगठा जाईल एवढं भोक पाडलेलं होतं. त्यात तांब्याची नळी बसवलेली. नळीतून पावसाचं पाणी थेंब थेंब गळत होतं.

"पाणी साठून लाकूड कुजू नये म्हणून," मिसेस प्रेस्कॉटनं सांगितलं. "आमच्या सुताराची कल्पना. छान आहे ना?"

बोटीत पाणी साठू नये म्हणून बोटीला भोक! सैमीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिवंत माणसाच्या हातातली वस्तू काढून घ्यायची, तिला भोक पाडायचं, वर त्याच माणसाकडनं तिकीट घ्यायचं आणि ह्याला वारसा म्हणायचं. तिनं रंग खरवडायची पट्टी खिशातनं काढली आणि नाकाडाचा पांढरा रंग खरवडायला लागली. रंगाच्या सालीखालून बोटीचा जुना काळा नंबर एकेक आकडा वर येऊ लागला.

"अहो, हात लावू नका!" मिसेस प्रेस्कॉटचा आवाज चढला. "प्रदर्शनाला हात लावायचा नाही!"

त्यांना दोघींना फाटकाबाहेर काढलं. बिल्ला मात्र सैमीच्या छातीवर तसाच राहिला, घरी पोहोचल्यावर इर्मानं तो काढून चुलीत टाकला.

*

संध्याकाळी सैमी मच्छीमार मंडळींच्या हॉलात गेली. मागच्या सौन्यातनं वाफेत न्हाऊन आलेले लालबुंद पुरुष बाकांवर बसले होते, पुढ्यात कॉफी आणि वेलदोड्याचा पाव. ती आत आली तसा गलका थांबला.

"सुलो," ती म्हणाली, "आवारात माझी बोट अडकलीय. उद्या बारा घरांतली चार माणसं माझ्याबरोबर चला. त्या बाईची काय बिशाद आहे अडवायची."

सुलो थोराड माणूस, मान बैलासारखी, पण त्या संध्याकाळी ती मान काही वर होईना. त्यानं पावाचा तुकडा कॉफीत बुडवला. "सैमी, हे कोर्टकचेरीचं काम आहे. आपण मधे कसं पडायचं?"

"तौनोला वाळूवरनं उचलायला मधे पडला होतास ना?"

"ते वेगळं."

"काय वेगळं? सांग की. माझी समजूत पाड."

सगळ्यांच्या बोटी आवाराच्याच धक्क्याला बांधलेल्या होत्या. नव्या मालकांनी सांगून ठेवलं होतं, यंदा बांधा, पुढचं पुढं बघू. एवढ्या एका वाक्यावर बारा घरांतली दांडगी माणसं मूग गिळून बसली होती. सैमीला ते ठाऊक होतं आणि तिला ठाऊक आहे हे त्यांनाही ठाऊक होतं.

खिडकीशी बसलेला ओन्नी खाकरला. "वहिनी, उगाच डोक्यात राख घालून घेऊ नकोस. जागा घरातच राहील. मी जाळं टाकीन, तुम्हा दोघींना हिवाळाभर पुरेल एवढा मासा आणून देईन. तुला काय कमी पडू देईन का मी?"

"मला मासा आणून देणार? ज्याला भावाचं जाळं विणताना गाठ मारता यायची नाही, तो?"

दोघंतिघं हसले. ओन्नीचं तोंड उतरलं. "नियम तो नियम," तो म्हणाला. "बोट नाही तर जागा नाही. मी केला का नियम?"

"नाही, तू नाही केलास. आणि सुलो, गेल्या वर्षी बुडख्यांच्या सकाळी तौनो काय म्हणाला होता, आठवतंय? खालच्या टोकाला एक मोठा बुडखा बसलाय, तो आधी काढू. काय म्हणालात तुम्ही? टोकाचा आहे, पाणी फिरलंय, ओहोटी लागली, सौना तापलाय, पुढच्या वर्षी बघू."

सुलोनं कप खाली ठेवला.

"शनिवारी मी बोट घेऊन येते," सैमी म्हणाली. "पुढचं वर्ष आलंय."

*

याल्मारी म्हातारा आवाराच्या कडेच्या खोलीत राहत होता. विक्रीत त्यालाही ठेवून घेतलं होतं. रोज दुपारी त्यानं जुन्या तऱ्हेचा सदरा घालून बाकावर बसायचं आणि पाहुण्यांसमोर लाकूड तासायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी सैमी गेली तेव्हा तो तोच सदरा घालायच्या खटपटीत होता. गळ्याशी दोऱ्या होत्या, त्या त्याच्या वाकड्या बोटांनी बांधल्या जात नव्हत्या.

"बघ काय अवतार केलाय माझा," तो म्हणाला. "आयुष्यात असला सदरा घातला नव्हता. बापानंही नाही."

सैमीनं दोऱ्या बांधून दिल्या. "मला सांगायचं तरी होतंस, काका."

"कुठल्या तोंडानं सांगू? पोरानं विकलं. रॉय मला म्हणाला, बाबा, तुमची सोय झाली." म्हाताऱ्याचे डोळे भरून आले, पण तो रडला नाही, त्यानं नाक शिंकरलं. "आणि ते भोक! मी समोर उभा होतो पोरी. तो सुतार यंत्र घेऊन आला, मी म्हटलं, अरे नको, ती पाण्यातली आहे. तर म्हणतो, आजोबा, तुम्ही बसा."

तो फळीखाली हात घालून काहीतरी शोधू लागला. एक पाचर निघाली, देवदाराची, कोरडी ठणठणीत, एका टोकाला निमुळती. भोकाच्या मापाची.

"उद्या दुपारी मोठी भरती आहे," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "पाळण्याच्या चाकांखाली दोन पाचरी आहेत. दोर त्यांनी शोभेसाठी ठेवलाय, त्याला काही अर्थ नाही. पाचरी उडाल्या की ती आपल्या वजनानं जाईल. पण सैमी, ती वाळून खडखडीत झालीय. फटींत बोट जातं. तुम्ही कापूस घातला नाहीत अजून."

"वेळच दिला नाही त्यांनी."

"मग ती पाण्यात गेल्या गेल्या भरेल. काठापर्यंत. लाकूड फुगलं, फटी मिटल्या, तर उठेल."

"आणि नाही फुगलं तर?"

"तर नाही उठणार," म्हातारा म्हणाला. "मी खोटं कशाला सांगू?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मायलेकींनी पुन्हा तिकिटं घेतली, पुन्हा हसरे मासे छातीला लावले. पाऊस थांबला होता. बसभरून पाहुणे आले होते, छत्र्या, कॅमेरे. इर्मानं आपली सपाट तळाची छोटी होडी धक्क्याला आणून बांधली होती, तिचं लहान इंजिन चालूच होतं. पाहुणे म्हाताऱ्याभोवती गोळा झाले तोवर सैमी लेम्पीखाली गेली, तांब्याची नळी पकडीनं पिरगाळून उपटली आणि पाचर ठोकली. तीन ठोक्यांत घट्ट बसली.

"ठोकतायत काय तिथं?" मिसेस प्रेस्कॉटनं लांबून विचारलं.

याल्मारी उठला. हातातलं तासणं खाली ठेवून त्यानं मोठा हातोडा घेतला. "पाहुणे मंडळी," तो खणखणीत आवाजात म्हणाला, "आज तुम्हाला बोट पाण्यात कशी सोडतात ते दाखवतो. अशी संधी पुन्हा यायची नाही."

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मिसेस प्रेस्कॉटही आधी हसली. तिला वाटलं, म्हातारा रंगात आलाय. म्हाताऱ्यानं एक पाचर उडवली. पाळणा करकरला. सैमी आणि इर्मा बोटीच्या दोन बाजूंना होत्या. दुसऱ्या ठोक्याला पाळणा हलला, थांबला, मग रुळांवरचा गंज सोलत खाली निघाला. शोभेचा दोर तडकन तुटला. अंगावरचं जाळं चाकात गुंतून फाटलं.

"थांबवा! अहो थांबवा तिला!" मिसेस प्रेस्कॉट उतारावरनं धावत आली.

लेम्पी पाण्यात शिरली. क्षणभर ती छान तरंगली, आणि पाहुण्यांनी आणखी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्या फटींतून पाणी आत घुसलं. ते घुसताना आवाजही येत होता. बघता बघता बोट खाली बसली, फक्त काठ आणि नाकाड तेवढं पाण्यावर राहिलं. टाळ्या थांबल्या.

"बुडवलीत!" मिसेस प्रेस्कॉटच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. "सांगत होते मी, ती पाण्यात जाण्यासारखी नाही. नाश केलात तुम्ही तिचा!"

सैमी कमरेभर पाण्यात उभी होती. बर्फ वितळून आलेलं पाणी, हाडं फुटत होती. "तहानलीय ती, बाई," ती म्हणाली. "पिऊ द्या तिला." बोलली खरी, पण बोलताना तिचे दात वाजत होते, आणि ते नुसत्या थंडीनं नव्हे. इर्मानं दोर टाकला, सैमीनं तो नाकाडाच्या कडीत बांधला आणि छोटी होडी त्या बुडत्या धुडाला ओढत खाडीकडे निघाली. वरच्या धक्क्यावर बारा घरांतली तीन माणसं आपापल्या बोटीत उभी होती. एकानंही हात लावला नाही.

*

घरामागच्या चिखलात लेम्पी बसली. ओहोटी आली की तिच्यातलं पाणी मायलेकी उपसायच्या, भरती आली की ती पुन्हा भरायची. उपसून रिकामी झाली की खाली वाकून रडणाऱ्या फटी शोधायच्या, ओल्या फटींत सापडेल तेवढा कापूस दाबायचा, वरून चरबी चोपडायची. बादल्यांच्या कड्यांनी तळव्यांची सालटी निघाली. सैमीची कंबर अशी धरली की ती घरात चार पायांवर चालायची. जेवण म्हणजे उभ्या उभ्या राईची भाकरी आणि खारवलेला मासा.

हवालदारही येऊन गेला. बाईनं तक्रार केली होती. तो काठावर उभा राहिला, नाकाडावरचा खरवडलेला नंबर त्यानं वाचला, बोटीकडे बघितलं. बोटीत गुडघाभर पाणी होतं आणि त्या पाण्यात सैमी.

"ही तुमचीच दिसतेय," तो म्हणाला.

"मग काय तुमची?"

"आणि समजा जप्त केली, तरी बुडालेली बोट मी नेऊन ठेवू कुठं?" त्यानं डोकं खाजवलं आणि गेला.

शुक्रवारी दुपारी ओन्नी आला. खाली चिखलात उतरला नाही, वरच उभा राहिला. "वहिनी, पुरे कर आता. आईला बुडवलंस, आता स्वतः मरतेस का?"

सैमीनं पाठ सरळ केली. तिचे केस तोंडावर चिकटले होते, पोलक्याच्या बाह्यांना चरबी. "तुझ्या आईला मी बुडवलं? तिच्या पोटात भोक पाडलं त्यांनी, तू त्यांच्या धक्क्यावर बसून विड्या ओढत होतास. तुला दिसत नव्हतं?"

"मी काय करणार होतो?"

"ओरडणार होतास. तेवढं तर कुणीही करतं. कुत्रंसुद्धा."

ओन्नीनं खिशातले हात काढले, पुन्हा घातले. "लागली नाही ना पाणी अडवायला," तो शेवटी हळूच म्हणाला. "उद्या सकाळपर्यंत नाही लागायची."

"तू जा," सैमी म्हणाली. "तू गेलास की लागेल."

तो गेला. बोटीला मात्र ते ऐकू आलं नसावं, कारण संध्याकाळच्या भरतीला ती पुन्हा अर्धी भरली. अर्धीच पण. काल काठापर्यंत भरली होती. इर्मानं आईकडे बघितलं आणि दोघींनी बादल्या उचलल्या.

*

शनिवारी धुकं इतकं दाट होतं की वल्ह्याचं टोक दिसत नव्हतं. इंजिन बसवायचं त्राणही नव्हतं आणि वेळही. इर्मा वल्ही मारत होती, सैमी उपसत होती, मग अदलाबदल. पाणी येतच होतं, पण आता ते घुसत नव्हतं, पाझरत होतं. वाटेवर पोहोचल्या तेव्हा बाकीच्या अकरा बोटी लोखंडी तराफ्याभोवती गोळा झाल्या होत्या. तराफ्यावर रहाट, साखळ्या, आणि रबरी कपड्यातला पाणबुड्या बसून सिगरेट ओढत होता. ओन्नी सुलोच्या बोटीत होता, स्वच्छ नवा रेनकोट घालून.

धुक्यातनं लेम्पीचं नाकाड पुढं आलं. अर्धं पांढरं, अर्धं खरवडलेलं.

कुणीतरी म्हणालं, "ही बोट पाण्यात आहे का पाणी बोटीत आहे?" दोघंतिघं हसले.

"नियमात काय आहे?" सैमीनं विचारलं. तिचा आवाज बसला होता. "घरची बोट पाण्यात, बोटीत घरचे दोघं. बोट कोरडी असावी असं आहे का नियमात? सांग सुलो."

सुलोनं ओन्नीकडे बघितलं, मग आपल्या हातांकडे. "नाही," तो म्हणाला. "तसं नाही."

"मग माझी जागा कुणाची?"

"तुझी."

"मोठ्यानं."

"तुझी गं बाई, तुझी!"

"आणि ज्याचं जाळं गेल्या हंगामात बुडख्यानं खाल्लं, तो पाणबुड्याला पहिली जागा दाखवतो. ही पण रीत आहे ना आपली?"

हे मात्र कुणाच्या ध्यानात नव्हतं. रीत होती खरी. आपापली चार-दोन जाळी फाटली की ह्याच रीतीवरून दरवर्षी भांडणं व्हायची.

"आहे," सुलो म्हणाला.

"मग तराफा खाली न्या. टोकाला."

पाणबुड्या खाली गेला. बुडबुडे एका जागी थांबले, बराच वेळ थांबले. मग दोरीला झटके बसले, साखळी ताणली गेली, रहाट कण्हू लागला. चार माणसं दांड्याला झोंबली, तराफा एका बाजूला कलला. पाणी फिरायला आलं होतं. गेल्या वर्षी नेमक्या ह्याच वेळेला ते सगळे घरी गेले होते. आधी मुळं वर आली, काळी, गाडीएवढ्या घेराची. मग खोड. आणि खोडाला लपेटलेलं, शेवाळानं हिरवं झालेलं, चिखलानं जड झालेलं जाळं. नवंकोरं होतं ते. तो गेला त्याच्या आदल्या हिवाळ्यात सैमीनं स्वतः विणलं होतं, म्हणूनच तौनोनं ते कापून सोडलं नाही. जाळ्याच्या काठाला बुचं लोंबत होती, प्रत्येकावर तीन आडव्या खुणा डागलेल्या. त्या तौनोच्या.

रहाट थांबला. सुलोनं टोपी काढली. मग दुसऱ्यानं काढली, मग सगळ्यांनी. धुक्यात अकरा बोटींतली बोडकी डोकी खाली झुकली.

सैमी त्यांच्याकडे बघत राहिली. तिला वाटलं होतं, हे जाळं बघून आपण कोसळू. पण तिला संताप आला, असा की हातपाय गरम झाले.

"घाला टोप्या," ती म्हणाली. "घाला म्हणते ना! टोप्या कसल्या काढताय? गेल्या वर्षी बुडखा काढायचा होता. अर्ध्या तासाचं काम होतं हे. बघा तुम्हीच. अर्धा तास!"

कुणी वर बघितलं नाही. टोप्या हळूहळू पुन्हा डोक्यांवर गेल्या. सुलोनं सुरी काढली, खोडापाशी गेला आणि एकेक बूच कापून आपल्या टोपलीत टाकू लागला. टोपली भरून त्यानं ती लेम्पीच्या काठावरनं सैमीच्या हातात दिली. "ती आवारातली बाई ही बुचं मागत होती," तो कसंबसं म्हणाला.

"ठाऊक आहे. मलाच विचारलं होतं तिनं. ही जाळ्याला लागणार. परवापासून नवं विणायला घेतेय."

लेम्पीत पाणी घोट्याच्या वर आलं होतं. इर्मा वल्ही धरून बोट ओढीत सांभाळत होती, तिला बादली घ्यायला हात मोकळा नव्हता. सैमीनं टोपली बाकाखाली ठेवली आणि मागं वळून बघितलं.

"ओन्नी."

"काय वहिनी?"

"इकडं ये. बादली घे. तुझ्या आईच्या पोटात पाणी झालंय."

ओन्नी उभा राहिला. त्यानं सुलोकडे बघितलं, सुलोनं तोंड फिरवलं. मग नव्या रेनकोटासकट तो काठ ओलांडून लेम्पीत उतरला, घोट्याभर पाण्यात गुडघे टेकले आणि उपसायला लागला. खाली मान घालून, एकामागून एक बादली.

"पुढचा बुडखा कुठं?" तराफ्यावरनं पाणबुड्यानं विचारलं.

सगळे सैमीकडे बघू लागले.